पोराला ट्रेकला पाठवू का?

मी कोल्हापुरात मुलांचं समुपदेशन करते. सहामाही परीक्षा संपत आली की हा प्रश्न ठरलेला. "मॅडम, पोरगं घराबाहेर पडायलाच तयार नाही. दिवाळीच्या सुट्टीत ट्रेकला पाठवू का? का तिथं जाऊन जास्तच घाबरंल?" विचारणारे राजारामपुरीतल्या बंगल्यातले असतात, तसेच दोन खोल्यांत राहणारेही. माझं उत्तर बहुतेक वेळा "पाठवा" असंच असतं. पण कुठं, कुणाबरोबर, आणि परत आल्यावर घरात काय बदलायचं हे ठरवल्याशिवाय पाठवलं, तर पोरगं फोटो घेऊन येतं आणि चार दिवसांत पुन्हा होतं तसं होतं.

ओंकारचं (नाव आणि ओळखीचे तपशील बदललेत) उदाहरण घेते. नववीत होता. वडील शिरोलीच्या फौंड्रीत पाळीवर, आई घरी ब्लाउज शिवते. शाळा, क्लास, घर, आणि सगळीकडं ने-आण रिक्षावाल्या मामांची. गल्लीत खेळायची मोकळी जागा होती, तिथं आता गाड्या लागतात. पन्हाळा वीस-बावीस किलोमीटरवर. तो एकदाच बघितलेला, वऱ्हाडाबरोबर, तबक उद्यानापर्यंत. तोंडी परीक्षा आली की छातीत धडधड, पोटात कळ, की हा वर्गाबाहेर. डॉक्टरांनी तपासलं होतं, शरीरात काही दोष नव्हता.

"काय होतं वर्गात?"

"मला जमत नाही."

"काय जमत नाही?"

"काहीच."

यावर आई लगेच, "तसं न्हाई हो मॅडम, हुशार हाय, नुसता घाबरायलाय." सुरुवातीच्या भेटींत निम्मी उत्तरं अशी आईच देत होती. काळजीपोटीच. पण पंधरा वर्षांच्या मुलाला पाणी हवं का, हेही दुसऱ्यानंच सांगायचं, तर त्यानं स्वतःबद्दल अंदाज बांधायचा कशावरून?

आत्मविश्वास समजावून येत नाही, करून येतो, असं मानणाऱ्यांपैकी मी आहे. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 साली हे नीट मांडलं. आपल्याला जमेल असं माणसाला वाटतं ते मुख्यतः स्वतः केलेल्या कामावरून, मग आपल्यासारख्याच दुसऱ्याला करताना बघून. "तू करू शकतोस रे" या शब्दांचा जोर त्यापुढं कमी पडतो. चौथी गोष्ट म्हणजे आपल्या शरीराच्या खुणांचा आपण लावतो तो अर्थ. ती पुढं कामाला आली. डोंगरावर पहिल्या दोन्ही गोष्टी आपोआप मिळतात, कारण तिथलं काम खोटं नसतं. पाणी संपलं तर खरंच संपतं.

पहिली पायरी डोंगराची नव्हती. दोन रविवार रंकाळ्याची पूर्ण फेरी, नवे बूट घालून. नवे बूट थेट ट्रेकला घातले की टाचेला फोड येणारच, म्हणून पंधरा दिवस आधी ते रोज वापरायचे. मग पायथ्यापासून जोतिबा चालत. या वेळी आई सोबत, पण पिशवी आणि पाण्याचा हिशोब ओंकारकडं. त्यानंतर बारा जणांच्या गटाबरोबर मसाई पठार आणि पायथ्याच्या वाडीत एक मुक्काम.

मसाई पठार मुद्दाम निवडलं. जांभ्याचं लांबच लांब सपाट पठार, वाट अवघड नाही, पडायची भीती कमी. पण सावली जवळजवळ नाही आणि वर पाण्याचा भरवसा नाही. म्हणजे धोका कमी आणि जबाबदारी खरी. लीडरनं ओंकारला पाण्याचं काम दिलं होतं: प्रत्येक थांब्यावर बाराही जणांच्या बाटल्या बघायच्या आणि किती उरलं ते सांगायचं. दुपारी त्याच्या लक्षात आलं की एका मुलीची दुसरी बाटलीही रिकामी आहे आणि ती लाजून बोलत नाही. उतरल्यावर पहिल्या वाडीत पाणी मागायला लीडरनं त्यालाच पाठवलं. दुकानदाराकडं सुट्टे मागायला लाजणारा मुलगा एका दारात उभा राहून म्हणाला, "आजी, बारा जणांचं पाणी पाहिजे." आजींनी विचारलं, "कुणाचा रं तू?" आणि कळशी पुढं केली.

परतल्यावरच्या भेटीत तो हे सांगत होता. मी विचारलं, "अवघड काय वाटलं?"

"चढ. छाती लई धडधडत होती. वाटलं, आता काहीतरी होणार."

"मग?"

"लीडर दादा म्हणाले बस दोन मिनटं, पळू नको, परत फिरू नको. बसलो. थांबली आपोआप."

"वर्गात धडधडते तशीच?"

बराच वेळ गप्प. मीही बोलले नाही. मग म्हणाला, "तशीच. पण वर्गात मी थांबतच नाही ना. बाहेर पळतोय."

एवढंच होतं. धडधड वाढते तशी उतरतेही, पण ती उतरायच्या आत तो दर वेळी बाहेर पडलेला असायचा. त्यामुळं "पळालो म्हणून वाचलो" हाच धडा पक्का होत गेला. दुवा त्यानं स्वतः जोडला. प्रश्न वेळेवर विचारला, एवढं श्रेय मात्र मी घेते. पुढच्या तोंडीला तो अडखळला, पण वर्गात थांबला.

आता तुमच्यासाठी. पहिलाच ट्रेक म्हणून जुलैतली पन्हाळा ते पावनखिंड मोहीम नको. 1660 सालचा इतिहास कितीही अंगावर काटा आणणारा असला, तरी दोन दिवस पाऊस, चिखल, जळवा आणि गर्दी हे नवख्या मुलाला झेपत नाही, आणि पहिला अनुभव "मला जमलं नाही" असा झाला तर उलटंच होतं. ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ बरा. दाजीपूर-राधानगरीच्या अभयारण्यात जायचं तर वनखात्याची परवानगी आणि वाटाड्या हवाच. गवा दिसला तर फोटोसाठी पुढं जायचं नाही, सावकाश मागं यायचं.

बसमध्ये साठ मुलं आणि दोन सर, ही सहल झाली. आठ-दहा मुलांमागं एक जाणता माणूस हवा, मुली असतील तर बाई लीडर हवीच. आयोजकाला थेट विचारा: पर्यटन विभागाची नोंदणी आहे का, प्रथमोपचार कुणाला येतो, जवळचा दवाखाना कुठला, साप चावला तर काय करणार? "पट्टी आवळून बांधू" किंवा "चिरा देऊ" असं उत्तर आलं तर पाठवू नका. अवयव न हलवता, मुलाला चालू न देता, लगेच दवाखाना आणि 108, हे उत्तर बरोबर.

पिशवी वजनाच्या दहा-पंधरा टक्क्यांपर्यंतच. पंचेचाळीस किलोच्या मुलाला पाच-सहा किलो पुरे. दोन-तीन लिटर पाणी, ओआरएसच्या पुड्या, टोपी, टॉर्च. जीन्स नको, भिजली की जड होते आणि वाळत नाही. मुलींच्या पिशवीत पाळीची तारीख असो-नसो पॅड, आणि वापरलेले परत आणायला जाड बंद पिशवी. पिशवी मुलानंच भरायची. काही विसरलं तर विसरू दे, टॉर्च आणि औषध सोडून. रात्री सगळ्यात जास्त भीती वाटते ती अंधारात लघवीला जायची; जोडीनं जायचं हे आधीच ठरलेलं असलं की मुलं पाणी प्यायचं टाळत नाहीत. आणि दर तासाला फोन करू नका. संध्याकाळी लीडरचा एक निरोप पुरे.

परत आल्यावर "मजा आली का?" याला "हो" एवढंच उत्तर येतं. "तुझ्याकडं काम काय होतं?" असं विचारा, पोरगं बोलायला लागतं. आणि पंधरा दिवसांच्या आत घरातलं एक काम कायमचं त्याच्याकडं द्या. ओंकारच्या घरी रिक्षा बंद झाली, तो केएमटीनं, म्हणजे शहरातल्या बसनं, जाऊ लागला. पहिल्या आठवड्यात एकदा चुकीच्या बसमध्ये बसला, आईचा जीव खालीवर झाला. पण विचारत विचारत तो घरी आला आणि आईनं रिक्षा परत लावली नाही. खरं सांगायचं तर या प्रकरणात जास्त अवघड काम तिनंच केलं.

काही मुलांना मात्र आत्ता पाठवू नका. जेवण-झोप तुटलेली, आठवड्यामागून आठवडे उदास, जीव द्यायचं बोलणारी मुलं आधी मानसोपचारतज्ज्ञांकडं न्या, ट्रेकचं नंतर बघता येईल. फिट येणाऱ्या मुलांचं डॉक्टरांना विचारूनच ठरवा. दमा असेल तर पंप दोन द्या, एक मुलाच्या खिशात आणि एक लीडरकडं, आणि तो कसा वापरायचा हे निघायच्या आदल्या दिवशी लीडरला प्रत्यक्ष करून दाखवायला सांगा.