आजी गाणं पुढे का सरकवू देत नाही?

प्रिय सानू,

रविवारी आजीशी बोलता बोलता तू तिला हिराबाई बडोदेकरांचं जुनं गाणं लावून दिलंस. सुरुवातीचा आलाप तुला लांबला असं वाटलं, म्हणून बोटाने पुढे सरकवायला गेलीस आणि आजी एकदम म्हणाली, "हात नको लावूस, होऊ दे." मग गाणं संपेपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. रात्री तू मला विचारलंस, "आई, आजी रागावली का? आपल्यात गाणं ऐकताना बोलायचं नसतं का?"

मेलबर्नमध्ये तेव्हा दहा वाजून गेले होते आणि दुसऱ्या दिवशी तुझी शाळा होती. म्हणून आता लिहिते. एखादं जोडाक्षर अडलं तर बाबांना विचार.

आजी रागावली नव्हती, बाळा. तिच्या लहानपणी गाणं पुढे नेता येत नसे आणि मागेही आणता येत नसे. ते हवेतून यायचं आणि जायचं. निसटलं की निसटलं.

1955 सालच्या मे महिन्याच्या सुट्टीतला एखादा शनिवार डोळ्यांसमोर आण. आजी बारा वर्षांची. पुण्यात शनिवार पेठेतला वाडा, त्यात पाच बिऱ्हाडं आणि रेडिओ एकच, आपल्या पणजोबांचा. रेडिओ घरात ठेवायला तेव्हा लायसन लागायचं आणि दरवर्षी पोस्टात जाऊन त्याचे पैसे भरायचे. कोनाड्यात, पणजीने विणलेल्या रुमालाखाली तो असायचा. बटण फिरवलं की लगेच बोलायचा नाही. आतल्या काचेच्या नळ्या तापायला वेळ लागे. मग हिरवा डोळा उजळायचा आणि खरखरीतून हळूहळू माणसाचा आवाज वर यायचा.

आकाशवाणीचं पुणे केंद्र तेव्हा अगदी नवीन होतं, 2 ऑक्टोबर 1953 ला सुरू झालेलं. त्याच केंद्रावर 1 एप्रिल 1955 ला, रामनवमीला, 'गीतरामायण' सुरू झालं. ग. दि. माडगूळकरांनी दर आठवड्याला एक नवं गीत लिहायचं, सुधीर फडक्यांनी त्याला चाल लावायची. गाणारे निरनिराळे असत: माणिक वर्मा, मालती पांडे, वसंतराव देशपांडे. वर्षाची बावन्न गीतं ठरली होती, पण त्या वर्षी अधिक महिना आला आणि पुढच्या रामनवमीपर्यंत छप्पन्न झाली! शुक्रवारी सकाळी पावणेनऊला नवं गीत लागे, शनिवारी आणि रविवारी तेच पुन्हा. शेजारच्या काकू आंघोळ करून, रेडिओला हार घालून बसायच्या. आजी शनिवारी वही-पेन्सिल घेऊन बसे, कारण शुक्रवारी दुसरं कडवं ऐकताना हात मागे पडलेला असे. पुण्याची वर्तमानपत्रं नंतर शब्द छापत, पण तिला स्वतः उतरवून घ्यायचं असे.

संध्याकाळी श्रुतिका असली की वाड्यातली सगळी पोरं ओसरीवर. श्रुतिका म्हणजे फक्त ऐकायचं नाटक. पडदा नाही, चेहरे नाहीत. घोडा धावला तर तो नारळाच्या करवंट्यांचा, वीज कडाडली तर ती पत्रा हलवून केलेली. हे आजीला खूप पुढे कळलं. तेव्हा मात्र रेडिओत दार करकरलं की ती आपल्याच दिंडी दरवाजाकडे बघायची. अशा वेळी कुणी खोकलं तरी सगळे त्याच्याकडे वळून बघत, कारण नाटकातलं एक वाक्य चुकलं की कोण कुणाचा भाऊ तेच कळेनासं होई.

सिनेमाची गाणी? त्यांचं दुखणं वेगळं होतं. बा. वि. केसकर नावाचे मराठी मंत्री 1952 पासून नभोवाणीचं खातं सांभाळत होते. लोकांचा कान शास्त्रीय संगीताने घडावा असं त्यांचं म्हणणं, म्हणून सिनेगीतं आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. आजीचा मोठा भाऊ मग बुधवारी रात्री सिनेगीतं ऐकायला काटा रेडिओ सिलोनकडे, म्हणजे श्रीलंकेच्या केंद्राकडे, फिरवायचा. पुढे 3 ऑक्टोबर 1957 ला विविध भारती सुरू झाली आणि ती गाणी परत आली. लोकांच्या आवडीवर अशी बंदी घालणं मला पटत नाही. पण त्याच केसकरांच्या काळात आपल्या पणजीला जे मिळालं ते तिला दुसऱ्या कुठल्याच वाटेने मिळालं नसतं, हेही तितकंच खरं आहे.

ते मिळायचं शनिवारी रात्री साडेनऊला. 1952 पासून दिल्लीहून संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम लागायचा आणि देशभरातली केंद्रं तो त्याच वेळी आपापल्याकडे ऐकवायची. एकच कलाकार, तब्बल दीड तास. पणजी आयुष्यात एकाही मैफलीला गेली नव्हती. रात्र रात्र चालणाऱ्या मैफलींना घरातले पुरुष जात. तिच्यामागे चूल होती, चार मुलं होती. शनिवारी मात्र ती भांडी लवकर आवरायची, हात पुसायची आणि भिंतीला टेकून बसायची. दिवसभरात तिला अशी बसलेली आजीने तेवढ्या वेळीच पाहिली. हातात निवडायला तांदूळ नाहीत, शिवणही नाही. चांगली जागा आली की फक्त "आहा" म्हणायची, तेही पुटपुटल्यासारखं.

तुझ्यासाठी एक गंमत. तू शिकतेस ती पेटी, म्हणजे हार्मोनियम, तेव्हा रेडिओवर वाजवायला मनाई होती! 1940 पासून 1971 पर्यंत. पेटीचे स्वर ठरलेल्या पट्ट्यांचे, तिच्यातून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, निघत नाही, म्हणून ती आपल्या गाण्याला मारक, असं ठरवणाऱ्यांचं मत होतं. नाटकातली पदं तर पेटीवरच वाढलेली, त्यामुळे पणजीला गाण्यामागे नुसती सारंगी ऐकून आधी चुकल्यासारखं व्हायचं. मग सारंगीच आवडायला लागली.

अकराला कार्यक्रम संपायचा. पणजोबा बटण फिरवायचे, हिरवा डोळा विझायचा. मुलं अंथरुणात कधीच पेंगलेली असत, आजी मात्र झोपेचं सोंग घेऊन आईकडे बघत राही. पणजी लगेच उठत नसे. अंधारात थोडा वेळ तशीच बसे आणि मग दुधाला विरजण लावायला आत जाई.

येत्या रविवारी आजीला तेच गाणं पुन्हा लावून दे आणि तूही शेजारी बस. ते झाल्यावर तिला त्या वहीबद्दल विचार. वही अजून तिच्या कपाटात आहे, मी पाहिली आहे.

तुझी,
आई