जनावरचोरीचा तपास नव्याने हाती घेताय, तर एवढं आधी

अभिनंदन! या कामाला खात्यातही बरेच जण हलकं समजतात. तुम्ही समजू नका. दुभती म्हैस गेली की त्या घराची रोजची मिळकतच गेलेली असते.

पहिले काही तास सगळ्यात मोलाचे. चोरीचं जनावर पटकन विकलं किंवा कापलं जातं, त्यामुळे फिर्याद लिहून होईपर्यंत थांबू नका. आजूबाजूचे बाजार, कत्तलखाने आणि नाके यांना लगेच वर्णन कळवा.

गोठ्यात शिरण्याआधी बाहेर बघा. गर्दीने तुडवण्याआधी टायरचे आणि खुरांचे ठसे फोटोत घ्या, शेजारी मोजपट्टी ठेवून. मग दावं बघा: कापलंय की गाठ सोडलीय? गाठ नीट सोडलेली असेल आणि कुत्रं भुंकलं नसेल, तर माहीतगाराचा विचार करा. पण तेवढ्यावर कोणाला धरू नका.

नवे अधिकारी हमखास चुकतात ते ओळख पटवण्यात. ‘काळी गाय, पांढरा ठिपका’ एवढ्यावर कोर्टात काही टिकत नाही. हे विचारा:

- कानातल्या बिल्ल्याचा नंबर, डागणीची खूण, शिंगांची ठेवण, जुने फोटो
- विम्याचे किंवा पशुवैद्याचे कागद
- मुस्कटाचा, म्हणजे नाकाच्या ओल्या टोकाचा, ठसा घेतलेला आहे का? तो प्रत्येक गुराचा वेगळा असतो. बिल्ला कापता येतो, हा नाही.

मालक वासरू घेऊन आला तर त्याला परत पाठवू नका. डीएनएवरून आई ठरवता येते. वासराचे आणि सापडलेल्या जनावराचे केस मुळासकट उपटून वेगवेगळ्या कागदी पाकिटांत ठेवा, प्लॅस्टिकमध्ये ओल धरते.

टोळ्या, आर्थिक धागेदोरे वगैरे नंतर. आधी गुराख्यांशी, दूधवाल्यांशी ओळख वाढवा, चोरी झालेली नसतानाही.