ओळखीचा चेहरा आणि चौकातली पावती

प्रश्न : गेल्या महिन्यात नळ स्टॉप चौकात सिग्नल मोडल्याबद्दल मला दंड झाला. चूक माझी होती, म्हणून तो मी निमूटपणे भरला. मात्र माझ्या मागोमाग तसाच सिग्नल मोडून आलेल्या मोटारीची काच खाली झाली, आत एक परिचित अभिनेते दिसले आणि हवालदारांनी त्यांना हसून पुढे जाऊ दिले. प्रसिद्ध व्यक्तींना वाहतुकीच्या कायद्यात सवलत असते का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : नाही. मोटार वाहन कायदा, 1988 मध्ये प्रसिद्धीकडे पाहून सिग्नल, वेगमर्यादा किंवा मद्यपान यांबाबत सूट देणारे एकही कलम नाही. उलट 2019 च्या दुरुस्तीने आलेले कलम 210-ब असे सांगते की, कायद्याची अंमलबजावणी ज्यांनी करायची, त्यांनीच तो मोडला तर दंड दुप्पट. (हेल्मेटविना जाणारा वर्दीतला दुचाकीस्वार दिसला की आम्हाला हे कलम हमखास आठवते.) मंत्र्यांच्या मोटारींवरचे लाल दिवे 1 मे 2017 पासून उतरले. वांद्रे-वरळी सागरी सेतूवर वेगमर्यादा ओलांडल्याचा दंड आपणही भरला आहे, असे नितीन गडकरी यांनी केंद्रीय परिवहनमंत्री असताना स्वतःच सांगितले होते.

आपण पाहिलेली सवलत कायद्याने दिलेली नाही, चौकातल्या माणसाने दिलेली आहे. कोणाला थांबवायचे, कोणाला समज देऊन सोडायचे आणि कोणाची पावती फाडायची, हे तिथे उभे असलेले मामा ठरवतात. ओळखीचा चेहरा दिसला किंवा ‘साहेबांशी बोला’ म्हणून फोन पुढे आला की त्यांचा हात आखडतो. कॅमेऱ्यावरून निघणाऱ्या ई-चलनाने ही वाट बरीच अरुंद केली आहे, कारण कॅमेरा चेहरा ओळखत नाही, क्रमांक वाचतो. म्हणूनच 4141 या आकड्यांना ‘दादा’ असे वळण देणाऱ्या पाट्यांकडे केवळ हौस म्हणून पाहता येत नाही. क्रमांक वाचता येऊ नये, ही सोयही त्यात आपोआप साधते.

खरा फरक मात्र सिग्नलवर नव्हे, तर गंभीर अपघातानंतर पडतो, आणि तिथे प्रसिद्धीपेक्षा पैसा अधिक बोलतो. 19 मे 2024 रोजी कल्याणीनगरमध्ये भरधाव पोर्शेच्या धडकेत दोन तरुण अभियंते मृत्युमुखी पडले, तेव्हा मोटार चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला काही तासांतच जामीन मिळाला आणि त्याच्या अटींपैकी एक होती 300 शब्दांचा निबंध. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयातील डॉक्टरांना अटक झाली. गुन्हा निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूचा, म्हणजे त्या वेळच्या भारतीय दंड संहितेच्या कलम 304-अ खाली जास्तीत जास्त दोन वर्षांच्या शिक्षेचा, की सदोष मनुष्यवधाचा, म्हणजे त्याहून कितीतरी कडक शिक्षेचा, हे पहिल्या काही तासांत काय नोंदले जाते त्यावर अवलंबून असते. रक्तात 100 मिलिलिटरमागे 30 मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्य असल्यास मोटार वाहन कायद्याचे कलम 185 लागते. पण तपासलेले रक्त चालकाचेच असेल, तरच या मर्यादेला अर्थ आहे.

पुन्हा असे दिसल्यास सुरक्षित जागी थांबून मोटारीचा क्रमांक, चौक आणि वेळ टिपून घ्यावी आणि शक्य असल्यास छायाचित्रासह वाहतूक शाखेकडे लेखी तक्रार करावी. तक्रारीत अभिनेत्याचे नाव घालू नये, क्रमांक पुरेसा आहे. त्या वेळी मोटार कोण चालवत होते, हे पोलिसांनी विचारल्यास सांगण्याचे बंधन कलम 133 नुसार मालकावर असते.

प्रश्न : मग आमदारांना टोल माफ कसा?
– एक वाचक, खेड शिवापूर

उत्तर : ती माफी शुल्कापुरती आहे, वाहतुकीच्या नियमांपुरती नाही. राष्ट्रीय महामार्ग शुल्क नियम, 2008 नुसार आमदारांना ती आपल्या राज्यात, ओळखपत्र दाखवल्यावरच मिळते. काचेवर चिकटवलेल्या ‘आमदार’ या स्टिकरचा त्या नियमात उल्लेख नाही.