आधी नजर, मग रंग

प्रिय डॉक्टर,

अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या (मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या दीर्घकालीन दाहाच्या) रुग्णांची कर्करोगासाठीची नियमित कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी, तुम्ही आता स्वतंत्रपणे करणार आहात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. नव्या यंत्रावरच्या इमेजिंगच्या सोयींबद्दल तुम्ही विचारले होते. पण त्याआधी आजार शांत आहे ना आणि आतडे पुरेसे स्वच्छ आहे ना, याची खात्री करून घ्या. सुजलेल्या अस्तरात दाह कोणता आणि डिस्प्लेजिया (पेशींतील कर्करोगपूर्व बदल) कोणता, हे ठरवताना आपलीच नव्हे, तर पॅथॉलॉजिस्टचीही अडचण होते.

या रुग्णांतील कर्करोगपूर्व बदल पुष्कळदा सपाट असतात. पूर्वी दर १० सेंटिमीटरवर चार बाजूंनी बायोप्सी, म्हणजे अस्तराचे छोटे तुकडे, घेत असत. तीसहून अधिक तुकडे जमूनही अस्तराचा फार थोडा भाग तपासला जाई. २०१५ च्या सीनिक (SCENIC) या तज्ज्ञांच्या सहमतीने अस्तरावर रंगद्रव्य फवारून केलेल्या तपासणीला, म्हणजे क्रोमोएंडोस्कोपीला, पाठबळ दिले. नंतरच्या अभ्यासांमुळे हाय डेफिनिशन एंडोस्कोपसोबतच्या आभासी क्रोमोएंडोस्कोपीलाही (रंगाऐवजी यंत्राच्या प्रकाशाने किंवा प्रतिमा-प्रक्रियेने नक्षी ठळक करण्यालाही) मान्यता मिळाली.

फवारण्याच्या रंगांपैकी इंडिगो कार्मिन पेशींत शोषले जात नाही, ते खळग्यांत साचते आणि उंचसखलपणा उघड करते. मिथिलीन ब्लू मात्र पेशी शोषून घेतात. मी शिकत असताना सिग्मॉइडमधील (मोठ्या आतड्याच्या शेवटाकडील वळणातील) एक सपाट भाग साध्या प्रकाशात पाहून पुढे गेलो होतो. रंग फवारल्यावर तिथे करंगळीच्या नखाएवढा तुकडा स्पष्ट झाला: भोवतालच्या अस्तरावर गोल ठिपक्यांची नक्षी एकसारखी होती, या तुकड्यावर ती लांबट आणि वेडीवाकडी झाली होती, आणि कडेला निळी रेघ उमटली होती. त्या दिवसापासून स्कोप बाहेर काढताना मी घाई केलेली नाही, आणि तुम्हीही करू नये, मग बाहेर कितीही रुग्ण थांबलेले असोत.

नियमित तपासणी लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण ८ वर्षांनी सुरू करतात. प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलँजायटिस (पित्तनलिकांचा दाह होऊन त्या अरुंद होण्याचा आजार) असेल तर निदान होताच, आणि पुढे दर वर्षी. अशा रुग्णांत, किंवा पूर्वी डिस्प्लेजिया आढळला असेल तर, रंग वापरूनही ठिकठिकाणच्या बायोप्सी सोडू नका, असे माझे स्पष्ट मत आहे.

संशयास्पद भाग दिसला, तर आधी त्याच्या कडा शोधा. कडा स्पष्ट असतील आणि व्रण किंवा खाली चिकटल्याची खूण नसेल, तर तो एंडोस्कोपीनेच पूर्ण काढता येईल का, याचा विचार करा. हात अजून बसलेला नसेल, तर अर्धवट तुकडे काढून ठेवू नका, कारण त्यामुळे जखम भरून तयार होणाऱ्या घट्ट चट्ट्याने पुढच्या डॉक्टरांचे काम कठीण होते. छायाचित्र घ्या, जागा आणि आकार लिहा, आणि त्या भागाची बायोप्सी वेगळ्या बाटलीत पाठवा. शंका वाटेल त्या रुग्णाची छायाचित्रे, नाव झाकून, मला दाखवा. मी वेळ काढून पाहीन.

तुमचा शुभचिंतक