मांजरीचं पोट फुगलंय आणि कोरोना अँटिबॉडी टेस्ट पॉझिटिव्ह आली आहे. एफआयपीच असेल का? इंजेक्शनं किती दिवस द्यावी लागतात?

नुसत्या त्या टेस्टवर एफआयपीचा, म्हणजे फेलाइन इन्फेक्शियस पेरिटोनायटिस या मांजरांच्या जीवघेण्या आजाराचा, शिक्का मारू देऊ नका. मांजरांचा कोरोना विषाणू आतड्यात राहतो आणि चार-पाच मांजरं एकत्र असलेल्या घरात तो जवळपास सगळ्यांनाच होऊन गेलेला असतो. थोड्या मांजरांच्या अंगात तो रूप बदलतो, तेव्हा एफआयपी होतो. अँटिबॉडी टेस्टला या दोन्हींतला फरक कळत नाही.

पोट फुगलंय ना? मग त्यातलं पाणी काढून तपासा. आमच्या मांजरीचं, चिंगीचं, पाणी सिरिंजमध्ये आलं तेव्हा मधासारखं पिवळं होतं आणि बोटांत धरलं की तार सुटत होती. डॉक्टरांनी डिस्टिल्ड वॉटरमध्ये व्हिनेगरचा एक थेंब ढवळला आणि वरून पोटातल्या पाण्याचा एक थेंब सोडला. तो विरघळलाच नाही, गोळा होऊन सावकाश खाली उतरला. याला रिव्हाल्टा टेस्ट म्हणतात. रक्तातल्या अल्ब्युमिन आणि ग्लोब्युलिन या दोन प्रथिनांचं एकमेकांशी प्रमाणही बघा: 0.4 च्या खाली असेल तर संशय बळावतो, 0.8 च्या वर असेल तर बहुधा दुसरंच काहीतरी असतं.

आता दिवसांचं. चिंगीला जीएस-441524 हे विषाणूविरोधी इंजेक्शन रोज एक असं चालू केलं. तीन दिवसांत ताप उतरला, पंधरवड्यात पोट सपाट. औषध आम्लधर्मी असल्यामुळे सुई टोचली की ती किंचाळायची. तिला टॉवेलात गुंडाळून धरायचं काम दादाकडे होतं. 58व्या दिवशी तो म्हणाला, "बरी झालीय ती, आता तुझ्या हौसेसाठी टोचतेयस." मी भांडले आणि शेवटी थांबवलं. (मीच थांबवलं, हे मान्य. तो विसरतो ते त्याने आधी महिनाभर रोज लावलेलं टुमणं.)

तीन आठवड्यांनी चिंगी खिडकीवर उडी मारायला गेली आणि धपकन खाली पडली. मागचे पाय लटपटत होते, एका डोळ्याची बाहुली मोठी, एकाची लहान. आजार मेंदूपर्यंत पोचला होता. पुन्हा पहिल्यापासून, वाढीव डोसने, पूर्ण 84 दिवस. म्हणजे 26 सुया वाचवायला गेलो आणि 84 जास्तीच्या टोचल्या! दादाला हा हिशोब आजही पटत नाही.

84 हा आकडा कुणी हवेतून काढलेला नाही. 2019 मध्ये पशुवैद्यक संशोधक नील्स पेडरसन यांच्या गटाने 31 मांजरांवर हे औषध वापरलं, ते किमान 12 आठवडे. त्यातली 25 दीर्घकाळ जगली. त्याआधी एफआयपी म्हणजे मरणच समजलं जायचं. म्हणून "बरी दिसतेय" म्हणणाऱ्या घरच्यांचं ऐकू नका. ते प्रेमापोटीच म्हणतात, तरीही नाही.

हां, रिव्हाल्टा पॉझिटिव्ह म्हणजे शंभर टक्के एफआयपी असंही नाही. पोटात जंतुसंसर्ग झाला किंवा लिम्फोमा (एक प्रकारचा कॅन्सर) असला तरी थेंब तसाच गोळा होऊ शकतो. थेंब विरघळला तर मात्र एफआयपीची शक्यता खूपच कमी होते. पोटात पाणी झालेल्या मांजरांना 42 दिवसही पुरतात असं 2024 च्या एका अभ्यासात दिसलंय, पण ते डॉक्टरांनी रक्त तपासून ठरवायचं, टॉवेल धरणाऱ्याने नाही. हल्ली तोंडावाटे द्यायचं औषधही असतं, त्याबद्दल आधी विचारा.

आणि दर आठवड्याला वजन करून लिहून ठेवा, डोस वजनावर ठरतो. चिंगी सुरुवातीला 2.1 किलो होती, पडली त्या दिवशी 2.9. मधलं एकही वजन आमच्याकडे नाही, डोस तोच चालू राहिला. दादाचं म्हणणं, आजार उलटला तो यामुळे, सुया थांबवल्यामुळे नाही. त्याला खोटं पाडायला माझ्याकडे वहीचं एक पानही नाही.