बापाची गाडी, गंजलेली चेसी

प्रश्न : काका, वडिलांची १९९४ची हिरो होंडा सीडी १०० आठ वर्षं सोयाबीनच्या पोत्यांमागं पडून होती. इंजिन सुरू झालं, पण चेसीला जागोजाग गंज आहे. पावडर कोटिंग परवडत नाही. हातात दोन हजार आहेत. घरी जमेल का?
— एक वाचक, माजलगाव

उत्तर : जमेल दादा. फक्त रंगवण्यापेक्षा घासण्यातच जास्त दिवस मोडतील, हे घरात आधी सांगून ठेवा.

पहिलं बॅटरीखाली बघा. तिथला पापुद्रे सुटलेला गंज बहुतेक ॲसिडचा असतो. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ओता, फेस थांबेपर्यंत. मग स्क्रूड्रायव्हरनं टोचा. टोक आत गेलं तर रंगवायचं राहू द्या, आधी वेल्डिंगवाला गाठा. पुटीन भरून झाकलेली चेसी खड्ड्यात मोडते, आणि आपल्याकडं खड्ड्यांना तोटा नाही.

जुन्या रंगाला रिमूव्हर लावा, वरून प्लास्टिकची पिशवी गुंडाळा, रंग फुगला की खरडा. हातमोजे घालून, अंगणात. कॉस्टिक सोडा स्वस्त पडतो, मीही वापरलाय. पण नळीत शिरलेलं ते पाणी सहजी निघत नाही आणि पुढं सांध्यांतून नवा रंग उचलतं. कुणी कॉम्प्रेसरवर नदीची वाळू मारून देतो म्हणाला तर साफ नको म्हणा, ती धूळ फुप्फुसात बसते.

मग तारेचा ब्रश, ८० नंबरचा पॉलिशपेपर, शेवटी १८०. थिनरच्या फडक्यानं पुसल्यावर उघडा हात लावायचा नाही. घामाचे ठसेसुद्धा गंजतात. त्याच दिवशी प्रायमर. रेड ऑक्साइड स्वस्त आहे, तरी मी दोन डब्यांचा इपॉक्सी घेईन. वरून काळा पीयू, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा पॉलियुरेथेन रंग, कारण साधा इनॅमल पेट्रोल सांडलं की मऊ पडतो. पीयूचं हार्डनर मात्र छातीला वाईट, नाकाला रुमाल बांधून भागत नाही. तेव्हा घासणं तुमचं, रंग मारायची गन पेंटरची. मजुरी निम्म्यावर येते का बोलून बघा. उन्हाळ्यात त्याला सकाळी सातलाच बोलवा. बेचाळीस डिग्रीत रंग चेसीवर पोचेस्तोवर थिनर उडून जातं आणि हात फिरवला की पीठ भुरभुरल्यागत लागतं.

हँडल ज्या नळीत फिरतं, तिच्यावरच्या चेसी नंबरला ग्राइंडर लावू नका. तिथं पातळ एकच हात. आकडे बुजले तर रिपासिंगला आरटीओत अडकाल.

आणि अर्थिंगची वायर चेसीला जिथं जोडतात, त्या बोल्टाखाली रंग ठेवू नका, रंगातून करंट जात नाही. माझ्या एम-८०ला मी इंचन् इंच रंगवलं होतं, हॉर्न मुका. दोन दिवस वायरिंग उकलत बसलो. शेवटी पोराला दटावत बोल्टाखाली नखाएवढी जागा खरवडली, अन् हॉर्न असा वाजला की दावणीची म्हैस उठून उभी राहिली.