ह्युमन राइट्समध्ये मास्टर्स करून नोकरी कुठे मिळते?

हा प्रश्न माझ्याकडे बहुतेक वेळा जोडीनेच येतो, मुलगी म्हणते मला मानवाधिकारच शिकायचाय आणि शेजारी बसलेले बाबा म्हणतात, मॅडम, पण पुढे काय? यावेळची मुलगी समाजशास्त्रात बीए झालेली, वाचन दांडगं. बाबांनी टेकल्या टेकल्या विचारलं, "हे शिकून ही मोर्चेच काढणार ना?" ती भडकली. पण बाबांचा प्रश्न पोटापाण्याचा होता आणि तो रास्तच आहे.

मी तिला म्हटलं, डिग्री राहू दे बाजूला, नोकरी लागली असं समज, सोमवारी सकाळी ऑफिसात बसून तू नेमकं काय करणार? ती म्हणाली, "अन्यायाविरुद्ध काम." म्हटलं ही इच्छा झाली गं, काम सांग. तिथे ती अडली, आणि खरं सांगायचं तर या विषयाला येणारी बरीचशी मुलं इथेच अडतात.

कारण ह्युमन राइट्स म्हणजे एक नोकरी नाहीच. कोणी पीडितांच्या मुलाखती घेऊन डॉक्युमेंटेशन करतं, कोणी कोर्टात केस लढतं, कोणी निर्वासितांचे अर्ज तपासतं, कोणी फंडिंगसाठी प्रपोजल आणि रिपोर्ट लिहितं (हे काम कोणालाच ग्लॅमरस वाटत नाही पण यात माणसं कायम लागतात). आणि एक दार बाबांना माहीतच नव्हतं, ते म्हणजे कंपन्या. 2011 मध्ये युनोच्या मानवाधिकार परिषदेने व्यवसाय आणि मानवाधिकार यांची मार्गदर्शक तत्त्वं मान्य केली, मग फ्रान्सने 2017 मध्ये कायदाच केला, जर्मनीचा 2023 पासून लागू झाला. तिथल्या मोठ्या कंपनीला आता आपल्या सप्लायरकडे बालमजुरी, वेठबिगारी चालते का हे बघावं लागतं, आणि ते बघायला, ऑडिट वाचायला, कामगारांशी बोलायला माणूस लागतो. बाबा पहिल्यांदा खुर्चीत जरा पुढे सरकले.

मग तिची भीती, "मी वकील नाही, माझं काय?" एलएलएमला सहसा कायद्याची पदवी आधी लागते, एमए किंवा एमएससीला बऱ्याचदा इतर शाखांतूनही जाता येतं, पण एमए करून कोर्टात उभं राहता येत नाही हे आधीच डोक्यात पक्कं असावं. केस लढायच्या असतील तर सरळ कायदा शिक. संशोधन, धोरण, डॉक्युमेंटेशन करायचं असेल तर समाजशास्त्र उलट कामाला येतं. फक्त कोर्स बघताना ब्रोशरवरचे फोटो बघू नकोस, क्लिनिक आहे का, म्हणजे खऱ्या केसवर काम करायला मिळतं का, आणि इंटर्नशिप कोर्सचाच भाग आहे का ते विचार.

युनो, युनो तर ती सारखी म्हणत होती. सचिवालयाच्या इंटर्नशिपला पगार नसतो, राहण्या-खाण्याचा खर्च आपलाच, यंग प्रोफेशनल्स प्रोग्रामला, म्हणजे युनोतल्या तरुणांच्या नोकरभरतीला, वय जास्तीत जास्त 32, शिवाय परीक्षा, आणि त्या वर्षी आपला देश यादीत असावा लागतो. ध्येय असू दे, पण घरचं बजेट त्याच्या भरवशावर मांडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. बाबांनाही मी गोड बोलून फसवलं नाही, संस्थांमधल्या बऱ्याच नोकऱ्या प्रोजेक्टवर असतात, फंडिंग संपलं की काँट्रॅक्ट संपतं, सुरुवातीचा पगार बेताचाच.

जाताना तिला घरचा अभ्यास दिला. एका कामगाराचा जबाब, मीच रचलेला, अर्धं पान, त्यावरून नोट लिहून आण. तिने आणली, पहिलंच वाक्य, "मालकाने कामगारांचा अमानुष छळ केला." मी जबाब पुढे ठेवला. त्याने स्वतः काय पाहिलं? रात्री फाटकाला बाहेरून कुलूप. मारहाण? ती दुसऱ्याकडून ऐकलेली. मग नोटमध्ये हे दोन वेगवेगळे लिहायचे, तारीख, वेळ, कुलूप कोणी लावलं, अजून कोणी बघितलं, आणि कोणता कागद याला दुजोरा देईल, ड्युटीचं रजिस्टर की सीसीटीव्ही. "अमानुष" खोडलं तेव्हा तिचा चेहरा पडला, पण समोरचा वकील आधी असल्याच शब्दावर बोट ठेवतो आणि मग कुलपाची गोष्टही संशयात जाते. इंटरनेटवर उघडपणे मिळणारे व्हिडिओ कसे तपासायचे आणि जपायचे यासाठी तर बर्कली प्रोटोकॉल म्हणून अख्खी पद्धत आहे, तेही तिला वाचायला सांगितलं.

दुसरी नोट बरीच नेटकी होती. तिला हे काम आवडतंय हे तेव्हा मला कळलं आणि बहुधा तिलाही. आता तिने ठरवलंय की आधी एखाद्या संस्थेत फील्ड असिस्टंट म्हणून काम करायचं आणि मग अर्ज, तेही क्लिनिक असलेल्याच कोर्सला. बाबांचं अजून पूर्ण समाधान नाही, त्यांनी मला कंपन्यांमधल्या पोस्टची नावं लिहून मागितली, तेव्हा ह्युमन राइट्स ड्यू डिलिजन्स (कंपनीच्या कामातून कोणाच्या हक्कांवर गदा येते का ते तपासणं), सोशल कम्प्लायन्स (कामगारांबाबतचे नियम पाळले जातात का ते बघणं) आणि रिस्पॉन्सिबल सोर्सिंग (माल जबाबदारीने मिळवणं) हे तीन सर्च शब्द मी त्यांना दिले.